ओंबळेंनी नळी सोडली असती तर…

१० एप्रिल २०२५ रोजी, २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीत आणलं, आणि घराघरांत एकच प्रश्न निघाला. कसाबला फाशी होऊन बारा वर्षं उलटली, मग हा खटला अजून संपलाच कसा नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी येऊन पोचतो, तुकाराम ओंबळे यांच्यापाशी.

ओंबळेंचं नाव आपल्याला पाठ आहे. दर वर्षी २६ नोव्हेंबरला त्यांच्या फोटोला हार घातला जातो, 'नुसत्या काठीनिशी एके-४७ला भिडले' हे वाक्य भाषणात येतं, टाळ्या पडतात. पण त्यांनी केलेल्या एका कृतीमुळे पुढच्या तपासात आणि कोर्टात नेमकं काय बदललं, ते फारसं कुणी उलगडून सांगत नाही. शौर्यकथेत कायद्याची कलमं रुक्ष वाटत असतील. मला उलट तोच भाग जास्त हलवून टाकतो.

ती रात्र, थोडक्यात

दहा जण कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी 'कुबेर' ही भारतीय मासेमारी बोट बळकावली. खलाशांना मारलं, तांडेल अमरसिंह सोलंकी याला मुंबईपर्यंत वाट दाखवायला लावली आणि किनारा जवळ आल्यावर त्यालाही मारलं. मग रबरी होडीतून ते कफ परेडच्या बधवार पार्कजवळ, मच्छीमारांच्या वस्तीत उतरले. तिथून त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या झाल्या. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, लिओपोल्ड कॅफे आणि सीएसटी.

सीएसटीकडे गेलेली जोडी म्हणजे अजमल कसाब आणि अबू इस्माईल. स्टेशनात पन्नासहून जास्त माणसं मारून ते कामा हॉस्पिटलमध्ये घुसले. बाहेर पडल्यावर रंगभवनच्या गल्लीत त्यांनी पोलिसांच्या गाडीवर गोळीबार केला. त्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांच्यासोबतचे शिपाई गेले. वाचले ते एकटे जखमी अरुण जाधव. पोलिसांचीच गाडी घेऊन दोघे पुढे निघाले, टायर पंक्चर झाला, तेव्हा एक स्कोडा हिसकावली आणि मरीन ड्राइव्हवरून चौपाटीच्या दिशेने सुटले.

वायरलेसवर स्कोडाचा संदेश फिरला. चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी लागलेली होती. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. म्हणजे ज्या तारखेला आपण हार घालतो ती उलटून सत्तावीस तारीख लागली होती.

नळी धरली, म्हणजे काय केलं?

तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले, केडंबे गावचे. जन्म १९५४ चा. आधी लष्करात नोकरी, तिथून निवृत्त होऊन १९९१ साली मुंबई पोलिसांत शिपाई. २००८ साली ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. पोलिसांच्या बोलीत याला सहायक फौजदार म्हणतात. हवालदाराच्या एक पायरी वर आणि फौजदाराच्या एक पायरी खाली. या पदावरच्या माणसाचं वय पन्नाशीच्या आसपास असतं, निवृत्ती नजरेच्या टप्प्यात आलेली असते, आणि रात्रीचा बंदोबस्त, नाकाबंदी, पंचनामे ही रोजची कामं त्याच्याच खांद्यावर असतात.

स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली. काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले होते, म्हणजे आतलं दिसू नये. गाडी वळवायचा प्रयत्न झाला, पण ती दुभाजकात अडकली. चालवणाऱ्या इस्माईलने गोळीबार सुरू केला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तो कोसळला. कसाब डाव्या बाजूने बाहेर पडला आणि ओंबळे त्याच्यावर झेपावले.

आता थोडं बंदुकीविषयी. एके-४७च्या एका मॅगझिनमध्ये साधारण तीस गोळ्या असतात आणि घोडा दाबून धरला तर तीन-चार सेकंदांत त्या संपतात. समोर दाटीने पोलीस उभे असतील तर नळी नुसती डावीकडून उजवीकडे फिरवली तरी पुरतं. सीएसटीवर हेच झालं होतं. अशा बंदुकीची नळी कुणी दोन्ही हातांनी घट्ट धरली तर गोळ्या थांबत नाहीत, पण त्यांची दिशा थांबते. त्या सगळ्या एकाच जागी जातात, आणि ती जागा म्हणजे नळी धरणाऱ्याचं शरीर. ओंबळेंनी गोळ्या लागत असताना नळी सोडली नाही. कसाबची पुढची गोळी नाकाबंदीवरचे पोलीस अधिकारी संजय गोविलकर यांना लागलीच, पण तेवढ्यात बाकीचे पोलीस काठ्या घेऊन त्याच्यावर तुटून पडले होते.

कसाब जिवंत हाती लागला. ओंबळे गेले.

मग त्यालाही गोळी घालून मोकळे का झाले नाहीत?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. रागातून येतो, त्यामुळे समजण्यासारखा आहे. त्याचं उत्तर समजायला एक उदाहरण घेऊ.

समजा, तुमच्या दारात एक निनावी पत्र पडलं. धमकीचं. अक्षर ओळखीचं नाही, खाली सही नाही. शेजाऱ्यावर संशय घ्यावा तर तो म्हणणार, मी नाही लिहिलं. लांबच्या भाऊबंदावर घ्यावा तर तोही हात वर करणार. पण पाकिटावर पोस्टाचा शिक्का असेल तर ते कुठल्या गावातून टाकलं ते कळतं, आणि शोध तिथून सुरू होतो.

दहाही हल्लेखोर मेले असते तर मुंबईवरचा हल्ला हे निनावी पत्रच राहिलं असतं. ते तसं राहावं याची व्यवस्थाही आधीच केलेली होती. 'डेक्कन मुजाहिदीन' नावाने जबाबदारी घेणारा ई-मेल वृत्तसंस्थांना गेला होता, म्हणजे हे इथलेच, दक्षिणेतले कुणी असं वाटावं. हल्लेखोरांकडे हैदराबादच्या एका कॉलेजची खोटी ओळखपत्रं होती आणि त्यावर हिंदू नावं घातलेली होती. कसाबच्या कार्डावर समीर चौधरी असं नाव होतं. तो मेला असता आणि खिशात तेवढंच कार्ड सापडलं असतं तर पुढच्या काही दिवसांत या देशात कोणी कोणाकडे बोट दाखवलं असतं, याचा विचार करून बघा. मी केला आहे, आणि तो फार वेळ करवत नाही.

कसाब हा त्या पत्रावरचा शिक्का होता. त्याने आपलं गाव सांगितलं, पाकिस्तानी पंजाबातलं फरीदकोट, जिल्हा ओकारा. बाकीच्या नऊ जणांची ओळख सांगितली. प्रशिक्षण कुठे झालं, कोणी दिलं, कराचीहून कसे निघालो हे सांगितलं. पाकिस्तानने सुरुवातीला तो आपला नागरिक असल्याचं नाकारलं, पण ७ जानेवारी २००९ रोजी मान्य केलं. ज्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने हे उघडपणे सांगितलं, त्यांना तिथल्या पंतप्रधानांनी त्याच दिवशी पदावरून काढलं! पुढच्या महिन्यात तिथल्या गृहमंत्रालयाच्या प्रमुखांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याची कबुली दिली. मेलेल्या माणसाचं नागरिकत्व नाकारणं सोपं असतं. जिवंत माणूस गावाचं नाव सांगतो आणि वार्ताहर त्या गावात पोचतात, तेव्हा ते अवघड जातं.

फोनवरचं बोलणं तर रेकॉर्ड झालंच होतं ना?

झालं होतं. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधल्या हल्लेखोरांना पलीकडून सूचना देणारे आवाज आपल्या यंत्रणांनी टिपले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मोठं महत्त्व दिलं. कसाब पकडला गेला नसता तर हातात काहीच नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल.

पण ते कॉल इंटरनेटवरून केलेले होते आणि त्यांची सोय परदेशी कंपन्यांमार्फत केलेली होती. अशा कॉलमध्ये दिसणारा नंबर आणि बोलणाऱ्याची खरी जागा यांचा संबंध असेलच असं नाही. आवाज होता, पण चेहरा आणि पत्ता नव्हता. कसाबचं म्हणणं, त्या आवाजांचं रेकॉर्ड आणि कुबेरवरच्या वस्तू या तिन्ही गोष्टी एकमेकींना जुळल्या तेव्हा चित्र उभं राहिलं.

पोलिसांनी मारून वदवून घेतलं असेल, ही शंका

ही शंका आपल्या कायद्यालाही आहे, आणि जुनी आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे भारतीय पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमातच होतं. आता नवा साक्ष अधिनियम आला तरी तत्त्व तेच आहे. कबुली पुराव्यात यायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यासमोर, म्हणजे तपासाशी संबंध नसलेल्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर, द्यावी लागते. दंडाधिकाऱ्याने आधी आरोपीला बजावायचं असतं, की तू बोलायला बांधील नाहीस आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल.

कसाबचा असा जबाब फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकारी आर. व्ही. सावंत-वाघुले यांनी नोंदवला. बोलण्याआधी त्याला विचार करायला वेळ दिला होता. त्यात पश्चात्तापाचा सूर नव्हता, अभिमान होता. न्यायालयांनीही पुढे हे नोंदवलं. मार खाऊन वदवलेल्या माणसाची भाषा अशी नसते.

आणि तरीही केवळ त्यावर खटला उभा नव्हता. मुलगा घरी येऊन सांगतो, आज मी दिवसभर शाळेत होतो. आई त्याचा शब्द ऐकते, पण नजर त्याच्या चपलांकडे असते. चपलांना नदीकाठची लाल माती लागली असेल तर शब्द एकीकडे आणि माती एकीकडे. कोर्ट हेच करतं, त्याला पुष्टी तपासणं म्हणतात. कुबेरवर सापडलेल्या वस्तूंवरच्या घामाचा डीएनए तपासला गेला, बोटीवर जीपीएस आणि सॅटेलाइट फोन सापडला. सीएसटीवर जिवावर उदार होऊन वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेले फोटो होते, जखमी प्रवाशांच्या साक्षी होत्या. सहाशेहून जास्त साक्षीदार झाले.

या मातीचं महत्त्व डिसेंबर २००९ मध्ये कळलं. जुलैत भर कोर्टात गुन्हा कबूल केलेला कसाब एकदम फिरला. मी हल्ल्यात नव्हतोच, सिनेमात काम मिळवायला मुंबईत आलो होतो, पोलिसांनी मला आधीच उचललं होतं, असं म्हणू लागला. आता खटल्यातला एक कळीचा प्रश्न असा झाला, की हा माणूस नेमका कुठे, केव्हा आणि कशा अवस्थेत पकडला गेला? उत्तर चौपाटीवर उभ्या असलेल्या पोलिसांच्या साक्षीत होतं. बंदुकीसकट, स्कोडातून उतरताना, सहकाऱ्याच्या प्रेताशेजारी.

एवढा खर्च, एवढी वर्षं कशाला?

३ मे २०१० रोजी न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी त्याला दोषी ठरवलं, ६ मेला फाशी सुनावली. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी येरवड्यात फाशी झाली. पकडल्यापासून चार वर्षांच्या आत. आपल्याकडे बांधाच्या भांडणाला याहून जास्त वेळ लागतो.

तुरुंगात तो बिर्याणी खातोय ही गोष्ट तेव्हा सगळीकडे होती. ती खरी नव्हती, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ साली जाहीरपणे सांगितलं. तरी ती अजून फिरते.

याच खटल्यात भारतीय आरोपी फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद यांची पुराव्याअभावी सुटका झाली, आणि वरच्या न्यायालयांनीही ती कायम ठेवली. तेव्हा अनेकांना ते खटकलं. माझ्या मते खटल्याचं वजन या सुटकेने वाढलं. आरोपी म्हणून आणलेल्या तिघांपैकी दोघांना जे न्यायालय सोडतं, ते तिसऱ्याला पुराव्यावरच लटकवतं हे मग कुणाला वेगळं पटवावं लागत नाही. आणि दुसऱ्या देशाकडून आरोपी मागायचा असतो, तेव्हा तिथल्या न्यायालयांसमोर अशा गोष्टी उपयोगी पडतात.

राणाचा यात संबंध कुठे येतो?

इथे एक गैरसमज आधी दूर करतो. डेव्हिड हेडली आणि तहव्वूर राणा हे कसाबच्या जबाबातून सापडलेले नाहीत. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांना अमेरिकेत शिकागोला पकडलं, तिथल्या यंत्रणेने. हेडलीने हल्ल्याआधी मुंबईत येऊन जागांची टेहळणी केली होती आणि तशी कबुलीही दिली. त्याला २०१३ साली ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ साली त्याने अमेरिकेतूनच व्हिडिओद्वारे मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली. राणावरचा आरोप असा, की त्याच्या इमिग्रेशन व्यवसायाचं मुंबईतलं कार्यालय हेडलीला आड म्हणून वापरू दिलं. शिकागोच्या ज्यूरीने त्याला लष्कर-ए-तैयबाला, म्हणजे हा हल्ला घडवणाऱ्या पाकिस्तानी दहशतवादी संघटनेला, मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण मुंबईच्या आरोपातून सोडलं. त्यामुळेच भारताने प्रत्यार्पण मागितलं तेव्हा तिथल्या कोर्टांत वर्षानुवर्षं वाद चालला.

मग कसाबचं काय? पत्र कुणी टाकलं ते शिक्क्याने सांगितलं, आणि पाकीट कुणी आणून दिलं, पत्ता कुणी शोधला हे वेगळ्या वाटेने कळलं. दोन वाटा एकाच दारी येऊन मिळाल्या. एकटा हेडली बोलला असता तर शिक्षा टाळायला बोलणारा सौदेबाज म्हणून त्याला बाजूला सारता आलं असतं. भारतीय न्यायालयांनी कसाबच्या खटल्यात कटाची मांडणी आधीच तपासून घेतली होती, त्यामुळे हेडलीच्या बोलण्याला टेकायला भिंत होती.

अशोक चक्र आणि पोलीस

'अशोक चक्र तर सैनिकांना मिळतं ना?' हेही बरेच जण विचारतात. फरक सोपा आहे. शत्रूसमोर दाखवलेल्या सर्वोच्च शौर्यासाठी परमवीर चक्र. शत्रूसैन्य समोर नसताना दाखवलेल्या सर्वोच्च शौर्यासाठी अशोक चक्र, आणि ते सैनिक, पोलीस किंवा साधा नागरिक कुणालाही मिळू शकतं. हुद्दा बघितला जात नाही. २६ जानेवारी २००९ रोजी अकरा जणांना ते मरणोत्तर दिलं गेलं. त्यांतले सहा मुंबईच्या हल्ल्यात गेलेले होते. करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन, हवालदार गजेंद्रसिंह बिश्त आणि ओंबळे. पोलीस दलातले बडे अधिकारी आणि सहायक फौजदार एकाच यादीत, एकाच पदकासह.

हे शौर्य की यंत्रणेचं अपयश?

दोन्ही. चोपन्न वर्षांच्या माणसाला एके-४७समोर काठी घेऊन उभं राहावं लागलं, ही अभिमानाची गोष्ट नाही. पोलिसांकडे जुनी शस्त्रं होती, जॅकेटं पुरेशी नव्हती, एनएसजी या केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे कमांडो दिल्लीहून पोचायला सकाळ उजाडली. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने त्रुटींवर बोट ठेवलं. नंतर राज्याने फोर्स वन हे पथक उभारलं, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. पण हार घालताना या यादीचा उल्लेख होत नाही. 'काठीनिशी लढले' हे वाक्य आपण इतक्या कौतुकाने म्हणतो, की काठीच का होती हा प्रश्न मागे पडतो.

आणि ओंबळेंना त्या क्षणी हे सगळं ठाऊक होतं का, की हा जिवंत सापडला तर खटला उभा राहील, पाकिस्तानला मान्य करावं लागेल? नसणार. ते त्यांच्या माथी मारायची गरजही नाही. सैनिकाला समोरच्याला निकामी करायला शिकवतात, पोलिसाला धरून कोर्टात उभं करायला. ओंबळे दोन्हीकडे राहिलेले होते. त्या रात्री त्यांचा हात पोलिसाचा म्हणून पुढे गेला, असं मला वाटतं.

अजून काय बाकी आहे?

पाकिस्तानातला खटला जवळजवळ गोठलेला आहे. तिथल्या न्यायालयीन आयोगाने २०१२ आणि २०१३ मध्ये मुंबईत येऊन कसाबचा जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची आणि तपास अधिकाऱ्यांची साक्ष नोंदवली. पहिल्या खेपेला उलटतपासणीची परवानगी नव्हती, म्हणून तिथल्या कोर्टाने ते नोंदवलेलं बाद केलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं. मुख्य आरोपी झकीउर रहमान लख्वी २०१५ साली जामिनावर बाहेर आला.

राणाला दिल्लीत उतरवलं तेव्हा एनआयएच्या महासंचालकपदावर सदानंद दाते होते. २००८ च्या त्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये ते हातबॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झाले होते. ते बॉम्ब फेकणारे दोघे तिथून निसटून स्कोडापर्यंत पोचले, आणि मग चौपाटीपर्यंत.